विश्लेषण : घरी मालवणी, पुस्तकात मराठी, आईबाबांना हवी इंग्रजी… कुणकेश्वरचं मूल नेमकं शिकतं कोणत्या भाषेत?

मे संपत आला की देवगड तालुक्यातल्या गावांत दोन विषय हमखास निघतात. हापूसच्या शेवटच्या पेट्यांना काय भाव मिळाला आणि पोराला यंदा कुठल्या शाळेत घालायचं. समुद्राकाठच्या कुणकेश्वरातही वेगळं काही नाही. गावातली जिल्हा परिषदेची मराठी शाळा, सेमी इंग्रजी, की रोज व्हॅनने तालुक्याच्या बाजूला जाऊन इंग्रजी माध्यम? आजी म्हणते जवळची बरी, वडील म्हणतात इंग्रजीशिवाय निभाव नाही. त्यातच सुट्टीला आलेली मुंबयकरांची पोरं अंगणात इंग्रजीत बोलत असतात आणि गावातली पोरं थोडी बाजूला उभी राहतात. बऱ्याच घरांत निर्णय तिथेच होतो.

हा निर्णय माध्यमाचा आहे असं सगळेच धरून चालतात. प्रत्यक्षात माध्यमाच्या पाटीवरून एवढंच कळतं की पुस्तक कोणत्या भाषेत छापलंय. शिक्षक समजावतात कोणत्या भाषेत, मूल विचार करतं कोणत्या भाषेत आणि चुकलं तर त्याला विचारायची मुभा कोणत्या भाषेत आहे, हे पाटीवर लिहिलेलं नसतं. इंग्रजी येणार की नाही, हे मात्र याच तीन गोष्टींवर ठरतं.

कुणकेश्वरच्या मुलाला किती भाषा येतात?

पहिलीत पाऊल टाकण्याआधीच निदान दोन. घरात आणि वाडीत मालवणी. टीव्ही, मोबाइल आणि देवळात आलेल्या पाहुण्यांमुळे थोडी मराठी, थोडी हिंदी.

मालवणी म्हणजे मराठीचा फक्त हेल बदललाय, असं अनेकांना वाटतं. पण सहा वर्षांच्या मुलाच्या बाजूने पाहा. त्याला ‘माका होया’ म्हणायची सवय असते, पुस्तक ‘मला हवं’ म्हणतं. घरी ‘खय’ आणि ‘कित्याक’, शाळेत ‘कुठे’ आणि ‘का’. घरचा ‘आंबो’ आणि ‘घोडो’ पुस्तकात ‘आंबा’ आणि ‘घोडा’ होतात. ‘झील’ आणि ‘चेडू’ पुस्तकात सापडतच नाहीत. म्हणजे शब्द वेगळे, प्रत्यय वेगळे, काही ठिकाणी वाक्याची घडणही वेगळी. जनगणनेच्या तक्त्यात तर मालवणी मराठीखाली नाही, कोकणीखाली मोजली जाते.

म्हणजे मराठी शाळेत जाणारं मालवणी मूलसुद्धा पहिल्या दिवशी एक नवी भाषा शिकत असतं, फक्त ती नवी आहे हे कोणी मोजत नाही. त्यात जिल्ह्यातले अनेक शिक्षक बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले असतात. शिक्षक भरतीत स्थानिकांना प्राधान्य द्या, अशी मागणी सिंधुदुर्गात वारंवार झाली. ती रोजगारासाठी होती, पण तिला भाषेचीही बाजू आहे. घाटावरून आलेल्या गुरुजींना ‘माका समाजला नाय’ हे वाक्य कळायलाही थोडे दिवस लागतात.

याहून अवघड स्थिती आंब्याच्या बागांत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांच्या मुलांची. घरी नेपाळी, बागेत हिंदी, वाडीत मालवणी, वर्गात मराठी आणि वर इंग्रजी. पाच भाषांच्या गर्दीतल्या या मुलाला शाळा बहुतेक वेळा ‘कच्चं’ ठरवते.

एवढ्या भाषांनी मूल गोंधळत नाही का?

नाही. हा समज जुना आहे आणि त्याला एकेकाळी संशोधनाचाही आधार होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाश्चात्त्य देशांत झालेल्या चाचण्यांत दोन भाषा बोलणारी मुलं मागे पडलेली दिसायची. पण त्यातली पुष्कळशी मुलं गरीब स्थलांतरितांची होती आणि चाचणी त्यांना नीट न येणाऱ्या भाषेत घेतली जायची. १९६२मध्ये एलिझाबेथ पील आणि वॉलेस लॅम्बर्ट यांनी मॉन्ट्रियलमधल्या दहा वर्षांच्या मुलांची तुलना केली. घरची परिस्थिती सारखी असलेली मुलं घेतल्यावर चित्र उलटं झालं. दोन भाषा चांगल्या येणारी मुलं बुद्धीच्या चाचण्यांत मागे नव्हती, उलट पुढे होती.

त्यानंतरच्या अभ्यासांतून तीन गोष्टी स्पष्ट झाल्या आहेत.

- दोन भाषांमुळे बोलायला उशीर होतो, हे खरं नाही. एखादं मूल खरंच उशिरा बोलत असेल तर तपासणी करावी. घरातली एक भाषा बंद करणं हा त्यावरचा उपाय नाही.
- मूल एका वाक्यात दोन भाषा मिसळतं, तो गोंधळ नसतो. ज्या भाषेत शब्द चटकन सापडतो तो ते उचलतं. मोठी माणसंही ‘मोबाइल चार्जिंगला लाव’ म्हणतातच.
- एका भाषेतले शब्द मोजले तर द्विभाषिक मूल थोडं मागे दिसू शकतं. दोन्ही भाषांतले मिळून मोजले तर फरक बहुतेक उरत नाही.

मग अडचण येते कुठे? मुलाच्या आधीच्या भाषेला वर्गात जागा नसते आणि नवी भाषा पुरेशी मिळत नाही, तिथे.

सरळ इंग्रजी माध्यमात घातलं तर इंग्रजी लवकर येणार नाही का?

बोलायची इंग्रजी येऊ शकते. शिकायची इंग्रजी येईलच असं नाही, कारण या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. कॅनडातले भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी हा फरक १९७९मध्ये मांडला. ‘मे आय गो टू टॉयलेट’, ‘गिव्ह मी युवर पेन’ अशी रोजची भाषा नव्या मुलांना साधारण दोन वर्षांत जमते. पण कारण सांगणं, तुलना करणं, धड्यातला मुद्दा आपल्या शब्दांत मांडणं यासाठी लागणारी भाषा त्या वयाच्या इतरांच्या बरोबरीला यायला पाच ते सात वर्षं लागतात. हा हिशेब आजूबाजूला सगळीकडे इंग्रजी असलेल्या देशातला आहे. कुणकेश्वरात शाळा सुटल्यावर इंग्रजी ऐकू येते ती यूट्यूबवर.

फसगत नेमकी इथे होते. पहिली-दुसरीतलं मूल चार इंग्रजी वाक्यं बोललं की घर खूश होतं. चौथी-पाचवीत धडे लांबतात, गणितात शाब्दिक उदाहरणं येतात आणि तेच मूल पाठांतरावर येतं. पालक म्हणतात, ‘लहानपणी हुशार होता, आता लक्षच नाही.’ लक्ष असतं. रोजच्या बोलण्याची इंग्रजी पुढच्या इयत्तांना पुरत नाही, एवढंच झालेलं असतं.

‘पण मुंबईत इंग्रजी माध्यमातली मुलं पुढे जातातच की,’ हा प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तरही कॅनडाच्या क्यूबेक प्रांतातच आहे. मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लॅम्बर्टमध्ये १९६५मध्ये इंग्रजी घरांतली मुलं पूर्ण फ्रेंच वर्गात बसवली गेली आणि प्रयोग यशस्वी झाला. परकीय माध्यमाच्या बाजूने हे उदाहरण जगभर दिलं जातं. पण त्या मुलांची घरची भाषा भोवतालच्या खंडाची मोठी भाषा होती. घरात पुस्तकं होती, शिक्षकांना मुलांची भाषा कळत होती आणि मूल सुरुवातीला इंग्रजीत बोललं तर कोणी रागवत नव्हतं. घरची भाषा शाबूत ठेवून नवी जोडली, तर त्याला लॅम्बर्ट यांनी भर घालणारी द्विभाषिकता म्हटलं. घरची काढून नवी बसवायला गेलं की वजाबाकी होते. इंग्रजी शाळेच्या गेटावर जो मालवणी बोलणं बंद करायला शिकतो, त्याच्या खात्यात ही वजाबाकी सुरू झालेली असते.

‘जितक्या लवकर तितकं चांगलं’ हेही अर्धसत्य आहे. भाषा दिवसभर कानावर पडत असेल तर लहान वयाचा फायदा होतो, विशेषतः उच्चारांत. पण आठवड्याला मोजके तास शाळेत शिकायची असेल, तर थोडी मोठी मुलं ती अधिक वेगाने शिकतात. स्पेनमधल्या बार्सिलोनात कार्मेन मुन्योझ यांच्या दीर्घ अभ्यासातून हे पुढे आलं. त्यामुळे नर्सरीत इंग्रजी सुरू झाली नाही म्हणून गाडी चुकली, असं मानायचं कारण नाही.

घरच्या भाषेतलं ज्ञान इंग्रजीत जातं कसं?

कुणकेश्वरच्या किनाऱ्यावरचंच उदाहरण घेऊ. रापणीला किंवा होडीवर जाणाऱ्या घरातल्या मुलाला भरती आणि सुकती शिकवावी लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला पाणी जास्त चढतं, ते उधाण, आणि अष्टमीच्या सुमारास कमी चढतं, ती भांगाची भरती, हे त्याने ऐकलेलं असतं. घरातल्या आजोबांना भरतीची वेळ काढायचं जुनं गणितही ठाऊक असतं : तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे साधारण तीनला पूर्ण भरती. अष्टमीला आठची पाऊणपट सहा. भरती रोज पाऊण तासाहून थोडी जास्त पुढे सरकते, म्हणून हा हिशेब जमतो.

आता हेच मूल इंग्रजी पुस्तकात ‘स्प्रिंग टाइड’ आणि ‘नीप टाइड’ वाचतं. ‘स्प्रिंग’ म्हणजे वसंत ऋतू, असं त्याने आधीच्या वर्गात पाठ केलेलं. त्यामुळे वसंतात येणारी भरती, असा अर्थ ते लावणार. प्रत्यक्षात इथे स्प्रिंग म्हणजे उसळणं, ऋतूशी संबंध नाही. शिक्षकाने फक्त एवढं म्हटलं, ‘अरे, ह्याच तर आपला उधाण’, की काम झालं. चंद्र, सूर्य, तिथी हे सगळं मुलाच्या डोक्यात आहे. नवं शिकायचं आहे ते एक नाव. आणि ‘थ्री-फोर्थ’ शिकवायला तिथीच्या पाऊणपटीपेक्षा चांगलं उदाहरण कुठलं पुस्तक देईल?

कमिन्स यांचं दुसरं म्हणणं हेच आहे. दोन भाषा डोक्यात दोन वेगळ्या डब्यांत नसतात. वर दिसायला त्या वेगळ्या असल्या तरी खाली समज एकच असते. एका भाषेत कळलेलं दुसऱ्या भाषेत पुन्हा शिकावं लागत नाही, त्याला नवं नाव द्यावं लागतं. मात्र पहिल्या भाषेत कळलेलंच नसेल, तर दुसऱ्या भाषेत न्यायला काही उरत नाही.

मग सेमी इंग्रजी हा मधला मार्ग बरा?

कल्पना चांगली आहे. मराठी शाळा, पण गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी विषय २००० साली रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना आला. हायस्कुलांपुरती असलेली सेमीची पद्धत पुढे प्राथमिक शाळांपर्यंत उतरली. पट टिकवायला अनेक गावांतल्या शाळांना सेमीचा आधारही झाला. पण भाषेचं पाठबळ नसेल तर सेमीत घोळ होतो, आणि तो अगदी साध्या जागी होतो.

पहिली जागा आकड्यांची. मराठीत ‘सत्तावीस’ म्हणताना सात आधी येतो, इंग्रजीत ‘ट्वेंटी-सेव्हन’मध्ये वीस आधी. म्हणून मूल २७ऐवजी ७२ लिहितं. ‘एकोणतीस’ म्हणजे तिसाला एक कमी, इंग्रजीत मात्र वीस आणि नऊ. २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात ‘वीस सात’ अशी जोड वाचनपद्धत आणली, तेव्हा राज्यभर वाद झाला. त्या वेळी गणित विषय समितीच्या अध्यक्षा असलेल्या मंगला नारळीकर यांनी लहान मुलांची ही अडचणच समोर ठेवली होती. पद्धत पटो न पटो, अडचण खरी आहे. शिक्षकाने दोन्ही वाचनं शेजारी ठेवून फरक दाखवला तर मूल आठवड्यात सावरतं. न दाखवता चूक म्हणून लाल फुली मारली तर वर्षानुवर्षं अडखळतं.

दुसरी जागा शब्दांची. इंग्रजीत ‘वर्क’ म्हणजे रोजचं कामही आणि भौतिकशास्त्रातलं कार्यही. भिंत ढकलून घाम आला तरी भिंत हलली नाही तर विज्ञानात ‘वर्क’ शून्य, हे मुलाला विचित्र वाटतं. मराठीत ‘काम’ आणि ‘कार्य’ वेगळे शब्द असल्याने इशारा आपोआप मिळतो. पण मराठी पुस्तकंही निर्दोष नाहीत. ‘प्रकाशसंश्लेषण’ हा शब्द मालवणी मुलाला ‘फोटोसिंथेसिस’इतकाच परका. झाडाचं पान उन्हात आपलं जेवण कसं करतं, हे आधी त्याच्या बोलीत कळलं, तर दोन्ही शब्द लक्षात राहतात.

परीक्षेच्या निकालांत हा घोळ दिसत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग मिळून असलेला कोकण विभाग दहावीत वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. २०२५मध्ये विभागाचा निकाल ९८.८२ टक्के होता. हे यश खरंच आहे. पण पास होणं आणि भाषा वापरता येणं यात अंतर असतं. ‘असर’च्या २०२२च्या अहवालानुसार देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या चारपैकी साधारण एकाच मुलाला साधी इंग्रजी वाक्यं वाचता येत होती, आणि २०१६च्या तुलनेत त्यात जवळपास बदल नव्हता. याच मालिकेत २०२३मध्ये १४ ते १८ वयोगट पाहिला गेला. तिथे निम्म्याहून अधिक मुलं इंग्रजी वाक्य वाचू शकली, पण वाचणाऱ्यांतल्या सुमारे चौथ्या हिश्श्याला अर्थ सांगता आला नाही.

कायदा आणि धोरण काय म्हणतं?

- शिक्षण हक्क कायदा, २००९ : शक्य असेल तिथवर शिक्षण मुलाच्या मातृभाषेतून.
- सर्वोच्च न्यायालय, मे २०१४ : कर्नाटकच्या प्रकरणात निकाल, प्राथमिक शाळेत मातृभाषेच्या माध्यमाची सक्ती सरकारला करता येणार नाही. निवड पालकांची.
- राष्ट्रीय शिक्षण धोरण, २०२० : शक्य असेल तिथे किमान पाचवीपर्यंत, शक्यतो आठवीपर्यंत घरची किंवा स्थानिक भाषा माध्यम.
- महाराष्ट्राचा २०२०चा कायदा : सर्व शाळांत मराठी सक्तीची.
- १६ एप्रिल २०२५ : पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करणारा शासन निर्णय. १७ जूनला सुधारित निर्णय. विरोधानंतर २९ जूनला दोन्ही रद्द आणि नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती.

शेवटचा वाद आठवून पाहा. महिनोन्‌महिने चर्चा झाली ती भाषा दोन असाव्यात की तीन आणि तिसरी कोणती, यावर. मूल शाळेत येताना कोणती भाषा घेऊन येतं आणि तिचं वर्गात काय होतं, हा प्रश्न कडेलाच राहिला. धोरणातला ‘घरची भाषा’ हा शब्द महाराष्ट्रात सरसकट ‘मराठी’ असा वाचला जातो. मेळघाटात घरची भाषा कोरकू असते, गडचिरोलीत गोंडी असते आणि देवगडच्या किनाऱ्यावर मालवणी असते.

बांदा ओलांडून गोव्यात गेलं की हाच वाद दुसऱ्या टोकाने दिसतो. तिथे १९९०मध्ये शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना सरकारी अनुदान फक्त प्रादेशिक भाषांतल्या प्राथमिक शाळांना, असं धोरण ठरलं. २०११मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि मोठं आंदोलन उभं राहिलं. अनेक वर्षं राजकारण त्याभोवती फिरलं. भांडण माध्यम आणि पैशांभोवती राहिलं. वर्गात इंग्रजी शिकवायची कशी, यावर तेवढी ताकद कोणी लावली नाही.

इंग्रजीचा आग्रह धरणारे पालक चुकतात का?

अजिबात नाही, आणि त्यांना ‘इंग्रजीच्या मागे लागलेले’ म्हणून हिणवणं अन्यायाचं आहे. सावित्रीबाई फुले यांनी १८५४च्या ‘काव्यफुले’मध्ये इंग्रजीचा पुरस्कार केला होता. ज्यांना शिक्षणाची दारं बंद होती त्यांच्यासाठी इंग्रजी ही वाट होती, आजही आहे. कुणकेश्वरात होम स्टे चालवायचा, हापूस परदेशी पाठवायचा, नर्सिंग किंवा मर्चंट नेव्हीत जायचं, कशालाही इंग्रजी लागतेच. इंजिनीअरिंग २०२१पासून मराठीतून शिकायची सोय झाली, तरी कोडिंगची कागदपत्रं आणि मुलाखत इंग्रजीतच असते.

इंग्रजी हवी, यावर वाद नाही. ती कशी येते, यावर आहे. त्याचा एक दाखला याच तालुक्यातला आहे. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे बाळशास्त्री जांभेकर यांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केलं. ते इंग्रजी आणि मराठी अशा दोन भाषांत, शेजारशेजारच्या स्तंभांत छापलं जायचं. बाळशास्त्रींचं सुरुवातीचं शिक्षण घरी मराठी आणि संस्कृतात झालं, इंग्रजी ते नंतर मुंबईत शिकले आणि पुढे एल्फिन्स्टनमध्ये शिकवू लागले. असामान्य माणसावरून नियम काढता येत नाही. पण दोन भाषा शेजारशेजार ठेवायची कल्पना या मातीला नवी नाही, एवढं नक्की. बालभारतीने पहिलीसाठी काढलेली द्विभाषिक पुस्तकं, ज्यांत मराठीसोबत इंग्रजी शब्द आणि वाक्यं येतात, ती त्याच वाटेवरची आहेत.

मालवणीची लाजही बाळगायचं कारण नाही. गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’चे हजारो प्रयोग मच्छिंद्र कांबळींनी मालवणीत केले आणि सगळ्या महाराष्ट्राने ते डोक्यावर घेतलं. नाटकात टाळ्या मिळवणारी भाषा वर्गात मात्र ‘अशुद्ध’ ठरते.

मुलाला इंग्रजीसाठी आधार देणं ही कोणाची जबाबदारी?

अमेरिकेत या प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयाने १९७४मध्ये उत्तर दिलं. सॅन फ्रान्सिस्कोतल्या सुमारे १,८०० चिनी मुलांना इंग्रजी येत नव्हती आणि शाळा त्यांना काहीच जादा मदत देत नव्हती. सगळ्यांना तेच पुस्तक आणि तोच शिक्षक आहे, मग भेदभाव कुठे, असा बचाव होता. मुलांना भाषाच कळत नसेल तर तेच पुस्तक देणं म्हणजे समान वागणूक नव्हे, असं न्यायालयाने ‘लाऊ विरुद्ध निकोल्स’ खटल्यात म्हटलं. तेव्हापासून नव्या भाषेचा आधार देणं हे तिथे शाळेचं काम मानलं जातं.

आपल्याकडे उलट आहे. प्रवेश घेताना फी शाळा घेते आणि पालकसभेत सांगते, ‘घरी इंग्रजी बोला.’ ज्या आईला इंग्रजी येत नाही तिच्यावर इंग्रजी शिकवायचं काम टाकलं जातं. ती मग मोडक्या इंग्रजीत दोन-चार आज्ञा देते आणि गजाली सांगायचं बंद करते. मुलाच्या वाट्याची चांगली मालवणी कमी होते, बदल्यात चांगली इंग्रजी मिळत नाही. या सगळ्या व्यवहारात सर्वांत मोठं नुकसान हेच आहे.

वर्गात लगेच काय करता येईल?

यासाठी ना नवी इमारत लागते, ना टॅब.

- नवा धडा सुरू करताना पाच मिनिटं मुलांच्या भाषेत गप्पा. मग मराठी, मग इंग्रजी.
- भिंतीवर तीन रकान्यांचा तक्ता : मालवणी, मराठी, इंग्रजी. सुकती, ओहोटी, लो टाइड. शब्द मुलांनी आणायचे. बाहेरून आलेल्या शिक्षकांनाही तो उपयोगी पडतो. नेपाळी मूल असेल तर चौथा रकाना.
- उत्तर कोणत्याही भाषेत आलं तरी आधी स्वीकारायचं, मग तेच शिक्षकाने इंग्रजीत म्हणून दाखवायचं आणि मुलाकडून म्हणवून घ्यायचं.
- अर्धी वाक्यं हाताशी द्यायची. ‘आय थिंक… बिकॉज…’ एवढा सांगाडा मिळाला की गप्प बसणारं मूलही बोलतं.
- रोज एक छोटी इंग्रजी गोष्ट मोठ्याने वाचायची. पाठांतरापेक्षा कानावर पडणं जास्त कामाचं.
- गणित-विज्ञानाच्या चाचणीत प्रश्न दोन्ही भाषांत. गणित चुकलं की भाषा, हे त्यातूनच कळतं.

शाळा निवडताना पालकांनी काय विचारावं?

‘माध्यम कोणतं’ याच्या पुढचे चार प्रश्न.

१. मुलाला कळलं नाही तर शिक्षक कोणत्या भाषेत समजावतात? मालवणी कळणारं कोणी शाळेत आहे का?
२. मुलांना स्वतःची वाक्यं बोलायला-लिहायला लावतात, की फळ्यावरचं उतरवायला?
३. वर्गात गोष्टींची पुस्तकं आहेत का आणि ती मुलांच्या हातात येतात का?
४. घरच्या भाषेत बोललं तर दंड किंवा ओरडा आहे का? असेल तर ती शाळा इंग्रजी शिकवत नाही, मुलाला गप्प बसायला शिकवते.

या प्रश्नांची उत्तरं एखादी इंग्रजी माध्यमाची शाळा चांगली देईल, एखादी मराठी शाळा देणार नाही. पाटीपेक्षा उत्तरं बघावीत. आणि घरी? जी भाषा सर्वांत चांगली येते तीच भरपूर बोलावी. गजाली सांगाव्यात, बाजाराचा हिशेब पोराकडून करून घ्यावा, भरतीची वेळ त्याला काढायला लावावी. इंग्रजीची तयारी तिथूनच होते.

शेवटी वेळेचा मुद्दा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८ लाख ६८ हजारांवरून ८ लाख ४९ हजारांवर आली. गावात मुलंच कमी, त्यातली काही व्हॅनने बाहेर, म्हणून वाडीवरच्या शाळांचे पट घसरतात आणि कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याची चर्चा दरवर्षी निघते. गावातली शाळा टिकवायची असेल तर ‘मातृभाषेतून शिका’ हे आवाहन पुरणार नाही. पालकांना इंग्रजी हवी आहे आणि ती चांगली शिकवून दाखवावी लागेल. दहा-बारा मुलांच्या वर्गात ते जमण्यासारखं आहे, कारण तिथे प्रत्येक मुलाला रोज बोलायला वेळ मिळू शकतो. पन्नास मुलांच्या कुठल्याही इंग्रजी वर्गाला ही सोय नाही. जिल्हा परिषदेने शिक्षकांना एवढं एक प्रशिक्षण दिलं आणि मुलांना त्यांच्या भाषेत ‘माका समाजला नाय’ म्हणायची मुभा दिली, तर पुढच्या जूनमध्ये व्हॅनची वाट बघणाऱ्या काही आईबाबांना तरी दुसरा पर्याय दिसेल.